यंत्र आले, पण दिवस कुणी संपवायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला आहे 'तंत्रज्ञान आणि आजची नोकरी'. वेळ दिली आहे वीस मिनिटे. बँकेतल्या माणसाला वेळ सांगितली की तो पाळतो, त्यामुळे काळजी करू नका. पंगतीला उशीर होणार नाही.

मी काही कॉम्प्युटर इंजिनियर नाही. मोबाईलमध्ये काही अडले तर मी अजून नातवाला हाक मारतो. पण १९७३ साली मी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०११ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या अडतीस वर्षांत जाडजूड लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंत सगळे काही माझ्या टेबलावरून गेले. नोकरीत यंत्र कसे येते, आल्यावर काय देते आणि काय घेऊन जाते, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आधी जुनी शाखा कशी चालायची ते तरुण मंडळींना सांगतो. ग्राहक चेक घेऊन आला की क्लार्क त्याच्या हातात पितळी टोकन द्यायचा. चेक लेजरला लागायचा. अधिकारी सहीच्या कार्डाशी सही जुळवून तो पास करायचा. मग तो रोखपालाकडे जायचा आणि रोखपाल टोकनचा नंबर पुकारायचा. काउंटर बंद झाल्यावर खरे काम सुरू व्हायचे. रोकड मोजायची, व्हाउचर लावायची, डे बुक जुळवायचे. जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या आल्या की दिवस संपला. एक रुपयाचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत शाखेतले दिवे चालू.

हा फरक शोधायची एक विद्या होती आणि ती कुठल्याही पुस्तकापेक्षा शेजारच्या टेबलावर मिळायची. फरकाला नऊने भाग जातोय का बघ, असे हेडक्लार्क सांगायचे. भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे लिहिले गेलेत, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोध, ती चुकीच्या बाजूला बसली असेल. आमच्यासारख्या पोरांना बँकिंग असे शिकायला मिळाले, चहाचा कप हातात आणि ज्येष्ठांचे बोट आकड्यावर.

आता मी 'गेले ते दिवस' म्हणून उसासा टाकणार आहे असे वाटत असेल तर तसे नाही. त्या पद्धतीत ग्राहकाचे फार हाल होते. पासबुक भरून घ्यायला दोन खेपा. ड्राफ्टसाठी अर्धा दिवस. जून आणि डिसेंबरच्या सहामाहीला हाताने व्याज काढत रात्री अकरापर्यंत बसलेले स्टाफचे लोक. आणि काउंटरवरचा माणूस चिडका निघाला तर शेतकऱ्याने तोंड वर करून विचारायचीसुद्धा चोरी.

एक साधे उदाहरण देतो. बचत खात्याचे व्याज पूर्वी कसे मिळायचे? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. समजा आपल्या खुटबावच्या शेतकऱ्याच्या खात्यावर बारा तारखेला उसाचे पन्नास हजार रुपये जमा झाले आणि आधी खाते रिकामे होते. त्या महिन्यात त्या पैशावर व्याज शून्य! रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर द्यायचा नियम लागू केला. तेव्हा दर साडेतीन टक्के होता. म्हणजे त्याच पन्नास हजारांवर उरलेल्या एकोणीस दिवसांचे सुमारे ९१ रुपये मिळू लागले. रक्कम लहान आहे, पण ती त्या माणसाची होती आणि पूर्वी मिळत नव्हती. हाताने हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून व्याज काढणे अशक्य होते. यंत्राने ते शक्य केले. याला मी उपकार म्हणतो.

मग प्रश्न असा, की इतके चांगले यंत्र यायला त्रास का झाला? आमच्या पिढीने कॉम्प्युटरला विरोध केला, हे आजची मुले हसत हसत ऐकतात. पण त्या वेळची भीती खोटी नव्हती. साठच्या दशकात कलकत्त्यात एलआयसीच्या कॉम्प्युटरवरून मोठे आंदोलन झाले होते. यंत्र आले की माणूस रस्त्यावर, हा धसका होता. घरात एक पगार आणि खाणारी सात तोंडे असली की असा धसका बसतोच.

यातून वाट निघाली ती बोलणी करून. बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना टेबलावर बसल्या. १९८३ साली यांत्रिकीकरणाबाबत पहिला करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली अहवाल दिला, पुढे १९८८ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली. करार १९८७ मध्ये झाला, पुन्हा १९९३ मध्ये झाला. यंत्रे कोणत्या कामाला लावायची, त्यावर बसणाऱ्याला भत्ता किती, प्रशिक्षण कोणाला, हे सगळे कागदावर ठरले. पहिल्यांदा लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग पूर्ण शाखा कॉम्प्युटरवर गेली, मग सगळ्या शाखा एका तारेत जोडल्या गेल्या.

यात फार वेळ गेला, अशी टीका होते. ती बरोबरही आहे. ग्राहकाला दहा-पंधरा वर्षे आधी सोय मिळू शकली असती. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. यंत्र शाखेत येण्याच्या आधी माणसांनी एकमेकांशी बोलून त्याच्या अटी ठरवल्या. आज हेच होत नाही. आज सोमवारी सकाळी मोबाईलवर नवीन ॲप येते, मंगळवारी ते सक्तीचे होते आणि बुधवारी त्यावरून माणसाला गुण मिळू लागतात. अटी कोणी ठरवल्या, कधी ठरवल्या, कोणाला विचारले? कोणालाच माहीत नसते.

आता माझा मुख्य मुद्दा. यंत्र सगळीकडे सारखेच येते. एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर, एकच स्क्रीन, एकच बटण. तरीही एक कचेरी सुखाची असते आणि दुसरी नकोशी. कारण यंत्रासोबत सवयी येत नाहीत. सवयी तिथल्या माणसांच्या असतात. त्यालाच इंग्रजी पुस्तकात 'कल्चर' म्हणतात. मराठीत आपण साधेपणाने म्हणतो, तिथली रीत.

याचा एक मोठा दाखला सगळ्या देशाने पाहिला. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार जाहीर केला. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला तो प्रकार. बँकेकडे कोअर बँकिंग होते. परदेशी बँकांना संदेश पाठवायची स्विफ्ट यंत्रणाही होती. पण या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टवरून हमीपत्रांचे संदेश जात राहिले आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. एकच अधिकारी बरीच वर्षे त्याच टेबलावर राहिला होता, हेही तपासात पुढे आले.

आम्हा जुन्या लोकांना यातले काय खुपले सांगू? बँकेत दोन जुन्या रिती होत्या. पहिली, एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची. एकाच हाताने व्यवहार पूर्ण होता कामा नये. दुसरी, जोखमीच्या टेबलावरचा माणूस ठरावीक काळाने हलवायचा आणि त्याने वर्षातून काही दिवस सलग रजा घ्यायचीच. रजा ही चैन नव्हे. तुमच्या खुर्चीवर दुसरा बसला की तुमचे काम उघड्यावर येते, म्हणून ती सोय. या रिती लेजरच्या काळातल्या आहेत. कॉम्प्युटर आला म्हणून त्यांची गरज संपत नाही, उलट वाढते, कारण लेजरमध्ये खाडाखोड दिसायची आणि स्क्रीनवर ती दिसत नाही. त्या प्रकारानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही यंत्रणा जोडण्याची सक्ती केली. तार जोडता येते हो. पण 'साहेब, पासवर्ड तुमचा आहे, तुम्हीच टाका' असे म्हणायची हिंमत ज्युनियरला देणे, ते तारेने होत नाही. ते रोजच्या वागण्याने होते.

यंत्राने काय नेले तेही सांगतो. दोन गोष्टी नेल्या.

पहिली म्हणजे शेजारच्या टेबलावरची शाळा. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि एक लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. नेमका तोच काळ कोअर बँकिंग येण्याचा. ज्यांना कर्जदाराचा चेहरा पाहून अंदाज यायचा ते गेले आणि ज्यांना स्क्रीन चालवता यायची ते आले. दोघांना एकमेकांच्या शेजारी वर्षभर बसवले असते तर दोघेही शहाणे झाले असते. आता फरक यंत्रच शोधते, नव्हे, पडूच देत नाही. चांगलेच आहे. पण त्या निमित्ताने तरुण ज्येष्ठांजवळ बसायचा, ते निमित्त गेले. नवीन निमित्त कोणीतरी मुद्दाम शोधायला हवे होते. ते काम सॉफ्टवेअर करणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचा शेवट. मघाशी म्हटले तसे, डे बुक जुळले की दिवस संपायचा. उशीर व्हायचा, पण संपायचा. कपाटाला किल्ली लागली की बँक शाखेत राहायची आणि मी घरी यायचो. आता बघा. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झाले, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही. रात्री दोन वाजता, रविवारी, दिवाळीला पैसे जातात. ग्राहक म्हणून मला याचा आनंद आहे. पण पैशाने चोवीस तास पळावे म्हणून माणसानेही पळावे, असे कुठे ठरले होते?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या सोसायटीत काय झाले ते आठवा. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याला जाणारी मुले-मुली लॅपटॉप घेऊन घरी आली. आपल्या गावाला त्याचा फायदा झाला हे मी आधी सांगतो. पहाटे स्टेशन गाठायचे, शटलमध्ये जागा धरायची, संध्याकाळी पुन्हा तीच धावपळ, हे काहींचे कायमचे कमी झाले. पुण्यात भाड्याने राहणारी जोडपी आई-वडिलांजवळ राहू लागली. नातवंडांना आजी मिळाली. हे सगळे तंत्रज्ञानाने दिले.

पण त्याच घरांत दुसरेही दिसते. जेवणाच्या ताटाशेजारी फोन उपडा ठेवलेला आणि तो थरथरला की घास हातातच राहतो. मूल गोष्ट सांगत असते आणि बापाच्या कानात मीटिंग चालू असते. शटलमध्ये बसलेली माणसेही आता पत्ते खेळत नाहीत. उरुळीपासून खुटबावपर्यंत उद्याच्या कामाचे मेसेज बघत येतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याला निदान भोंगा झाला की सुटका असते. आता सुपरवायझरांचाही व्हॉट्सॲप ग्रुप झाला आहे आणि भोंग्यालाही कोणी जुमानत नाही.

याला उपाय आहे का? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून असा कायदा लागू आहे, की मोठ्या कंपन्यांनी कामाच्या वेळेनंतरच्या ई-मेल आणि फोनबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावीत. आपल्याकडे हा विषय संसदेत नेला तो आपल्याच मतदारसंघातून. दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो आणि इथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये 'राइट टू डिस्कनेक्ट'चे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. मी इथे राजकारण बोलत नाही. कोणत्याही पक्षाने मांडले असते तरी मी त्याचे नाव घेतले असते. त्याचा कायदा झालेला नाही. पण त्यामागचा विचार आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा आहे. यंत्र वापरा, पण अटी दोघांनी बसून ठरवा. १९८३ च्या करारात तेच होते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत रीत आपल्या हातात आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आज कुठे ना कुठे साहेब आहेत. कोणी टीम लीडर, कोणी शिफ्ट इन्चार्ज, कोणी शाळेत मुख्याध्यापक. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. रात्री साडेदहाला तुम्हाला काही सुचले तर जरूर लिहून ठेवा, पण सकाळी पाठवा. मेसेज सकाळी आपोआप जाईल अशी सोय आता त्याच यंत्रात आहे. रात्रीच्या मेसेजखाली तुम्ही 'घाई नाही' असे लिहिता. पण साहेबाचा मेसेज वाचून निवांत झोपलेला ज्युनियर मी अडतीस वर्षांत पाहिला नाही.

आणि जे नवीन नोकरीला लागतायत त्यांनी मुलाखतीला जाताना पगाराबरोबर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तोंडावर विचारायला अवघड वाटले तर तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. इथे दिवस कधी संपतो? मला शिकवणार कोण? माझे काम तपासणार कोण? आणि चूक दिसली तर वरच्याला सांगता येते का? या चारांची उत्तरे नीट मिळाली तर साधा कॉम्प्युटर असला तरी जा. नाही मिळाली तर काचेची इमारत आणि फुकटची कॉफी पाहून भुलू नका.

आता शेवटी थोडे आपल्या घरात येतो. आपण म्हणतो ही सोसायटी म्हणजे आपले घर. पण ती काही जणांची कामाची जागासुद्धा आहे. आपले वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, पाण्याची मोटर बघणारा मुलगा, आणि बिनपगारी राबणारे आपले सेक्रेटरी. पंचवीस वर्षांपूर्वी गेटवर एक रजिस्टर आणि दोरीला बांधलेले पेन होते. आज कॅमेरे आहेत, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मेंटेनन्स यूपीआयने भरला जातो आणि गेटसाठी ॲप घ्यायचा विचार चालू आहे. मी त्याच्या बाजूने आहे. पण जो प्रश्न मी बँकेला आणि कंपन्यांना विचारतो तो आपल्यालाही लागू आहे.

कॅमेऱ्यात पहाटे चार वाजता वॉचमनला डुलकी लागलेली दिसली. आता त्याचा फोटो ग्रुपवर टाकून वर हसण्याच्या खुणा टाकायच्या, की त्याची बारा तासांची पाळी आठ तासांची कशी करता येईल हे मीटिंगमध्ये मांडायचे? कॅमेरा एकच आहे. तो चोर पकडायला आहे की आपल्याच माणसावर पाळत ठेवायला, हे आपण ठरवायचे. पाणी आले नाही म्हणून रात्री साडेअकराला सेक्रेटरींना सात जणांनी फोन करायचा, की एकाने करायचा आणि ग्रुपवर 'कळवले आहे' असे लिहायचे, हेही आपणच ठरवायचे.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी देणार आहे. गेटचे ॲप घेण्याच्या आधी आपण एक छोटा ठराव करू. त्यात चार ओळी असाव्यात. वॉचमन आणि सफाई कामगारांना आठवड्याची सुटी आणि बदली माणूस. कॅमेऱ्याचे चित्रण फक्त दोन पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसून पाहायचे, ग्रुपवर टाकायचे नाही. रात्री नऊनंतर आणीबाणीशिवाय कमिटीला फोन नाही. आणि ज्या ज्येष्ठांना ॲप जमत नाही त्यांच्यासाठी ते दोरीचे पेन आणि रजिस्टर गेटवर राहू द्यायचे. खर्चाचा हिशेब मी खजिनदारांबरोबर बसून केला आहे. सुटीच्या दिवसाच्या बदली माणसासाठी दर घरामागे थोडी वर्गणी वाढेल. ज्यांना आकडे पाहायचे असतील त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे यावे, कागद खिशात आहे.

खर्चावरून वाद होईल हे मला माहीत आहे. व्हावा. वाद होऊन ठरलेली गोष्ट टिकते, हे मी करारांच्या काळात पाहिले आहे. आणि विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे मी वहीत लिहून घेईन, ही माझी जुनी सवय आहे.

पंचवीस वर्षे आपण सगळे एका गेटमधून आत-बाहेर करतो आहोत. ते गेट रात्री उघडणाऱ्या माणसाचा दिवसही कधीतरी संपला पाहिजे, एवढेच माझे मागणे.  सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.